श्रद्धा कमी पडली, असं तुला कोण सांगतंय?

पत्र थोडक्यात असं : सोलापुरात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली वीस वर्षांची मुलगी. आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर जातात. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ही पहिलीच. परीक्षेसाठी म्हणून अकरा गुरुवारांचा उपवास धरला होता. परीक्षा संपली, त्यानंतर उपवासाचा सातवा गुरुवार आला तेव्हा ताप होता, म्हणून आईच्या नकळत वरणभात खाल्ला. पुढच्या महिन्यात निकाल लागला, गणित राहिलं. तेव्हापासून जवळजवळ तीन महिने पहाटे साडेतीनला जाग येते, भूक लागत नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसतात. मैत्रिणींचे फोन ती उचलत नाही. अक्कलकोटला जाऊन आली, पण "डोळे मिटले तर आत काहीच नव्हतं." आई म्हणते, नामस्मरण वाढव, तुझी श्रद्धा कमी पडते. वर्गातली मैत्रीण म्हणते, देवाच्या नादानेच तुझं डोकं बिघडलंय, आधी ते सोड. मुलीचा प्रश्न : "श्रद्धा कमी पडली म्हणून हे झालं, की श्रद्धेमुळेच झालं? मी माळ वाढवू की सोडून देऊ?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तुझं पत्र दोन पानांचं आहे. दुसऱ्या पानाच्या समासात, बाकीच्यापेक्षा बारीक अक्षरात एक ओळ आहे : "कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये." ती तू खोडायला घेतलीस, एक रेघ ओढलीस आणि मग तशीच राहू दिलीस. राहू दिलीस ते फार बरं केलंस. तुझ्या प्रश्नाकडे मी येतेच, पण आधी या ओळीबद्दल.

असा विचार मनात येणं हे पाप नाही. तो बोलून दाखवल्याने वाढत नाही, एकटीने सांभाळत बसलं की मात्र जड होत जातो. पहाटे साडेतीनला तो आला तर १४४१६ हा नंबर फिरव. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायचीही गरज नाही. आणि विचार 'जागच येऊ नये' याच्यापुढे गेला, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर एकटीने फोनवर बसायचं नाही. आईबाबांना उठवायचं आणि तसंच सिव्हिलच्या अपघात विभागात जायचं. तिथे रात्रीबेरात्री आलं म्हणून कुणी काही म्हणत नाही.

मी डॉक्टर नाही. पंचवीसेक वर्षं सोलापुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं मुलांशी याच विषयावर बोलण्यात गेली. त्या अनुभवावर एवढं नक्की सांगते, की तू जे लिहिलंयस ते आळसाचं लक्षण नाही आणि 'टेन्शन' म्हणून सोडून द्यावं असंही नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, लक्ष लागणं, स्वतःला दोष देणं यांतलं बरंचसं, दोन आठवडे जवळजवळ रोज राहिलं, की डॉक्टर नैराश्याच्या आजाराचा विचार करतात. तुझे तीन महिने झालेत. म्हणजे माळ किती करायची हे ठरवण्याआधी तुला डॉक्टरांकडे जायचंय. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढायचा आणि जायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांची तपासणी करावी का, तेही तिथे विचार. सतत उपवास करणाऱ्या मुलीला नुसत्या रक्ताच्या कमतरतेनेही गळून गेल्यासारखं होतं, आणि थायरॉइड बिघडला तर मनही बिघडतं.

आता तुझा प्रश्न. आई आणि मैत्रीण एकमेकींच्या विरुद्ध बोलतात असं तुला वाटतं. मला तर दोघी एकच बोलताना ऐकू येतात. दोघींच्या मते दुखणं तुझ्या श्रद्धेत आहे. एकीला ती कमी वाटते, दुसरीला जास्त. जसं काही श्रद्धा म्हणजे आमटीतलं मीठ, प्रमाण जमलं की झालं. मी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते पेन्सिल हातात घेऊन. मला सारखा अडवत होता तो शब्द 'देव' नव्हता आणि 'श्रद्धा'ही नव्हता. ते एक अक्षर आहे : च.

"माझ्यामुळेच घरात सगळं बिघडतं." "मला काहीच जमत नाही." "मी नेहमीच कमी पडते." "आता पुढे काहीच होणार नाही." "देवालाही मी नकोच आहे."

दोन पानांत असे सव्वीस च मी मोजले. आपल्या भाषेत च ची फार गरज असते, त्याच्याशिवाय बोलण्याला जोर येत नाही. पण उदास मनात हा च प्रत्येक वाक्याला बाहेरून कडी घालतो. 'मला गणित जमलं नाही' या वाक्याच्या पुढे चार वाटा फुटतात : कुठलं युनिट अडलं, कुणाला विचारू, पुढची परीक्षा कधी, रोज किती करायचं. 'मला काहीच जमत नाही' याच्या पुढे भिंत आहे. आता त्या पाच वाक्यांतलं शेवटचं पुन्हा वाच. त्यात देव आलाय खरा, पण वाक्याची घडण पहिल्या चारांसारखी आहे. ते वाक्य तुझ्या श्रद्धेतून आलेलं नाही. ज्या सवयीने तू गणिताबद्दल आणि घराबद्दल विचार करतेस, तीच सवय देवाचं नाव घेऊन बोलतेय.

ही सवय तुझ्या एकटीची नाही. ॲरन बेक (१९२१–२०२१) या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांकडे नीट कान दिला, तेव्हा त्यांना एकच सूर तीन दिशांनी ऐकू आला : मी वाईट, जग वाईट, पुढचंही वाईट. या विचारांना रुग्ण 'विचार' म्हणत नव्हते, ते त्यांना सरळ वस्तुस्थिती वाटत होते. बेकनी ते विचार कागदावर उतरवून तपासायला शिकवलं आणि त्यातून बोधात्मक उपचारपद्धती उभी राहिली. त्याच सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 'झालंच पाहिजे' या हट्टाकडे बोट दाखवत होते. 'पास झालं तर बरं' ही इच्छा. 'पास झालंच पाहिजे, नाहीतर मी माणूसच नाही' हा हट्ट, आणि माणूस मोडतो तो याच्याने.

एलिसबद्दल एक गोष्ट तुझ्या मैत्रिणीला जरूर सांग. ते कट्टर नास्तिक होते. सुरुवातीला त्यांचंही म्हणणं तिच्यासारखं होतं, की धर्माला चिकटून राहणं आणि मनाचं बिघडणं हे एकाच माळेचे मणी आहेत. पुढे त्यांनी स्वतःच हे मत बदललं. धर्मनिष्ठ माणसंही निरोगी असू शकतात, घात होतो तो ताठर, टोकाच्या विचारांनी, मग ते धर्माबद्दल असोत की आणखी कशाबद्दल, असं त्यांनी उतारवयात लिहिलं. स्वतःचं मत इतक्या वर्षांनी दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

दुसरी सवय रवंथाची. साडेतीनला जाग आल्यावर तू काय करतेस ते तू बारकाईने लिहिलंयस : आई चारला उठते, रात्री भिजवलेली पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कापायला लागते, आणि तू पांघरुणात डोळे मिटून तो कात्रीचा आवाज ऐकत तोच तो निकाल, तोच तो गुरुवार पुन्हा पुन्हा आठवत राहतेस. 'मी विचार करते' असं तू त्याला म्हणतेस. विचार कुठेतरी पोचतो. हे गाईच्या रवंथासारखं आहे, फक्त गाईला त्यातून काहीतरी मिळतं.

सुसान नोलन-होएक्सेमा या संशोधिकेने आयुष्यभर या रवंथाचा अभ्यास केला. १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधी, दुसऱ्याच कारणासाठी, तिने स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १३७ विद्यार्थ्यांची माहिती घेऊन ठेवली होती. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी तिने त्यांना पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासून आपलं दुःख चघळत बसायची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्य जास्त होतं. आधी ते किती उदास होते, हे हिशेबात धरूनही. भूकंप सगळ्यांना एकच होता.

हे वाचताना मला दरवेळी किल्लारी आठवते. तुझा जन्मही झाला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. सोलापुरात आमच्या फडताळातली भांडी खाली आली आणि सगळी गल्ली रस्त्यावर धावली. पुढचे आठ दिवस मी दोन तऱ्हेची बोलणी ऐकली. "देव कोपला, आपलंच काहीतरी चुकलं," असं म्हणत काही जण दारात बसून होते. आणि "देवाने आपल्याला ठेवलंय ते कशाला, बांधा भाकरी," असं म्हणत शेजारच्या मावशींनी चार घरांतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी गोळा करून तिकडे निघालेल्या ट्रकवर चढवली. दोघांच्याही तोंडी देव होता आणि दोघांची श्रद्धा खरी होती.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच फरक अभ्यासला. संकटात माणूस धर्माकडे कसा वळतो, याच्या त्याने दोन तऱ्हा सांगितल्या. एका तऱ्हेत देव सोबत असतो : त्याच्याकडे बळ मागायचं, आपल्याला करता येईल ते करायचं, बाकीचं त्याच्यावर सोडायचं. दुसरीत देव शिक्षा करणारा किंवा पाठ फिरवणारा असतो. ही दुसरी तऱ्हा आणि नैराश्य यांची जोडी अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा सापडली आहे. २००३ मध्ये १४७ अभ्यास एकत्र करून, म्हणजे जवळजवळ लाखभर माणसांची माहिती घेऊन, धार्मिकता आणि नैराश्य यांचा संबंध तपासला गेला. सरासरी काढली तर धार्मिक माणसांत नैराश्याची लक्षणं थोडी कमी दिसली. पण हा संबंध फार बारीक आहे. संकटातून जाणाऱ्यांत तो जरा ठळक होता. धर्म लोकांसाठी, दिखाव्यासाठी पाळणाऱ्यांत आणि देव शिक्षा करतो असं मानणाऱ्यांत मात्र तो उलटा होता, म्हणजे लक्षणं जास्त. यातले बरेचसे अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आणि ख्रिस्ती लोकांवरचे आहेत, म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्याला लावायचे नाहीत. पण त्यातली गोष्ट आपल्या गल्लीतली आहे.

तेव्हा आईला आणि मैत्रिणीला दोघींनाही माझं उत्तर 'नाही' असं आहे. श्रद्धा किती हा प्रश्न बाजूला ठेव. तुझा देव तुझ्याशी कुठल्या आवाजात बोलतो, हे विचार.

आणि तो आवाज जरा तपासू. तू म्हणतेस, उपवास मोडला म्हणून गणित गेलं. पण तूच लिहिलंयस, की पेपर संपला आणि त्यानंतरच्या गुरुवारी ताप आला. तू वरणभात खाल्लास तेव्हा तुझी उत्तरपत्रिका लिहून, बांधून कधीच जमा झाली होती. त्या पेपरात काय होतं तेही तू एका ओळीत सांगून टाकलंयस : शेवटची दोन युनिटं झालीच नव्हती, कारण त्या महिन्यात बाबांचा माग बंद होता आणि तू संध्याकाळी शिकवण्या घेत होतीस. पत्रात या ओळीपुढे 'पण ते कारण नाही' असं लिहिलंयस. का नाही? मला तर तेच कारण दिसतं. आपल्या घरांतून चालत आलेली रीतही आठव : आजारी माणसाला, गरोदर बाईला, लेकराला उपवास नसतो. ही सूट कुठल्या मानसशास्त्रज्ञाने दिलेली नाही, तुझ्या आजीलाही ती माहीत असेल. तापात दोन घास खाल्ले म्हणून पोरीचं वर्ष बुडवणारा देव तुला कुणी शिकवला? मला वाटतं, कुणीच नाही. तो तुझ्या उदासीने घडवलाय.

देवळात काही वाटत नाही, याचं तुला सगळ्यात जास्त भय बसलंय. पण त्याच पत्रात तू लिहितेस, की शेंगाची चटणीसुद्धा बेचव लागते आणि आवडतं गाणं लागलं तरी आत काही हलत नाही. चटणी बेचव लागली म्हणून चटणीवरची श्रद्धा उडाली असं आपण म्हणत नाही, तोंडाला चव नाही म्हणतो. कशातच गोडी न वाटणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे, आणि ते देवळाच्या पायरीशी थांबत नाही. आजार उतरतो तशी जिभेची चव येते, गाण्याची येते, आणि ज्यांची असते त्यांची देवाचीही परत येते. मी हे मुलांच्या बाबतीत अनेकदा पाहिलंय.

तू आणखी एक गोष्ट अर्धवट लिहून सोडलीस, की तुला देवाचा राग येतो आणि राग आला म्हणून पुन्हा भीती वाटते. पंढरपूर तुझ्या घरापासून सत्तर किलोमीटरवर आहे. त्या वाटेवर चालणाऱ्या संतांनी विठ्ठलाशी भांडणं केलीत, ते रुसलेत, त्याला नको नको ते बोललेत. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. राग येतो तर त्याला सांग.

आता मला माझ्याबद्दल एक सांगायचंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक मुलगा माझ्याकडे आला होता, तुझ्यासारखाच न झोपलेला. मी त्याला म्हणाले, "देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल." मनापासून म्हणाले होते. तो "हो मॅडम" म्हणाला आणि पुन्हा आला नाही. वर्षभराने कुणाकडून तरी कळलं, की तो शिक्षण सोडून गावी गेला. माझं ते वाक्य चुकीचं नव्हतं, पण ते त्याला कसं ऐकू गेलं असेल, हे मला फार उशिरा कळलं. त्याला ऐकू गेलं : तू विश्वास ठेवत नाहीस म्हणून असा झालास. तुझी आई तुला 'श्रद्धा कमी पडते' म्हणते, तेव्हा तीही तुला जवळच ओढत असते. तिच्याकडे जे एकमेव औषध आहे, ते ती देतेय.

म्हणून आईशी वाद घालू नकोस, तिला माहिती दे. साडेतीनला तू जागी असतेस हे तिला ठाऊक नाही असं तुला वाटतं. एका खोलीच्या घरात आईला लेकराचा श्वास कळतो. एके पहाटे उठ, तिच्याजवळ बस, दोरा हातात घे आणि सांग : "आई, मला तीन महिने झोप नाही. भूक नाही. जागच येऊ नये असं मनात येतं. मला डॉक्टरांकडे ने. देव सोडायचा म्हणत नाही मी, तू पण चल." एवढंच. 'नैराश्य', 'डिप्रेशन' हे शब्द तिला परके वाटले तर वापरू नकोस. झोप, भूक, चक्कर हे शब्द तिला पटकन कळतील. कुणी शेजारणीने 'बाहेरचं झालंय' म्हणून कुठल्या बाबाकडे न्यायचा सल्ला दिला, तर तिथे तू ठाम राहायचं. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणं, छळ करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि आईजवळ बसशील तेव्हा तिचे हात बघ. तू लिहितेस, ती दिवसाला हजार विड्या वळते. त्यातल्या काही बिघडतात. माल घेणारा त्या बाजूला काढतो, पैसे कापतो, आई चिडते. पण घरी येऊन 'मला विड्याच वळता येत नाहीत' म्हणत ती सूप उपडं करत नाही. एका विषयावरून तू मात्र सगळं सूप उपडं करून बसलीस.

डॉक्टरांकडे काय होईल? ते बोलतील, विचारतील. कदाचित गोळ्या देतील, कदाचित आधी समुपदेशकाकडे पाठवतील. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनाने सोडायच्याही नाहीत. सुरुवातीला अस्वस्थता वाढली किंवा समासातला तो विचार जोर धरू लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. उपवास करतेस हेही सांग, कारण गोळी कधी आणि काय खाऊन घ्यायची ते त्यावर ठरतं. कुठलाही शहाणा डॉक्टर 'देव सोड' म्हणणार नाही. म्हणालाच तर दुसऱ्याकडे जा, पण उपचार सोडू नकोस.

तोवर घरी एक वही कर. गणिताच्या जुन्या वहीची कोरी पानंही चालतील. मनात कडी घालणारं वाक्य आलं की ते जसंच्या तसं लिही, च सकट. मग खाली तेच वाक्य च काढून लिही, आणि जे खरंच घडलं तेवढंच ठेव. 'देवालाही मी नकोच आहे' याचं काय होईल? मी करून पाहिलं : 'अक्कलकोटला गेले तेव्हा मला काही जाणवलं नाही.' पहिल्या वाक्याने छाती दाबली जाते, दुसरं नुसतं एका दुपारचं वर्णन आहे. यात खोटी आशा भरायची नाही. 'मी फार हुशार आहे' असलं काही लिहू नकोस, तुझं मन ते क्षणात फेटाळेल. रोज एक वाक्य पुरे. काही दिवशी तेवढंही जमणार नाही, त्या दिवशी वही मिटून ठेव.

आता माळ. तू लिहितेस, आईच्या सांगण्यावरून अकरा माळा करतेस आणि बोटं मणी ओढत असताना डोक्यात निकाल फिरत असतो. मग तो जप राहिला नाही, हातात माळ घेऊन रवंथ चाललाय. वाढवू नकोस, सोडूही नकोस. एक माळ कर, आणि ती चालत कर. संध्याकाळी ऊन उतरलं की सिद्धेश्वर तलावाच्या कडेने एक फेरी, पहिले काही दिवस आईबरोबर. घरी आल्यावर स्वतःला विचार, छाती हलकी झाली की जड? हलकी झाली तर उद्या पुन्हा. जड झाली तर उद्या नुसतं चाल, नाव आपोआप तोंडात आलं तर येऊ दे. उदास माणसाला वाटतं, आधी मनात यावं मग उठावं. होतं उलटं : आधी उठावं लागतं, मन मागून येतं. उपचारांतसुद्धा रोजच्या छोट्या कामांचा असा क्रम लावून देतात. आणि ज्या तलावाकाठी तू चालशील तो सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन खोदला असं आपण लहानपणापासून ऐकतो. हातात कुदळ घेणं हीसुद्धा त्यांच्या लेखी पूजा होती.

राहिलेल्या गुरुवारांचं ओझं डोक्यावर ठेवू नकोस. बरी झालीस की आईला विचारून उद्यापन कर, किंवा ज्या दिवशी उपवास करायचा त्या दिवशी कुणाला तरी जेवू घाल. सध्या तुझ्या शरीराला अन्न हवंय.

मैत्रिणीला तोडू नकोस. तिच्या बोलण्यात एक खरी काळजी आहे. श्रद्धेच्या नावाखाली आजारी माणसाला दोष दिला जातो, उपचार लांबतात, हे तिला दिसतंय आणि ते खरं आहे. तिला एवढंच सांग, की बुडणाऱ्याच्या हातात जे काही आलंय ते हिसकावून घेऊन पोहायला शिकवता येत नाही. उलट तिला एक काम दे. ती गणितात पास झाली आहे ना? आठवड्यातून दोन दिवस तिच्याकडे बस, राहिलेल्या दोन युनिटांपैकी एक तिच्याकडून समजून घे. फोन उचलायची ही चांगली सुरुवात आहे. तुमच्या वर्गाचे सर किंवा मॅडम यांनाही भेट आणि एवढंच सांग की तब्येत बरी नाही, उपचार चालू करतेय.

तुझ्यासारखी पत्रं मला इतरांचीही येतात. पाच वेळची नमाज चुकली म्हणून स्वतःला कोसणारा मुलगा, इष्टलिंगापुढे बसवत नाही म्हणून घाबरलेली मुलगी. त्यांनाही मी हेच सांगेन. आणि ज्यांची श्रद्धाच नाही, त्यांनी बरं होण्यासाठी ती उसनी आणायची गरज नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एका नास्तिक मुलाच्या पत्रात मला देव सापडला नाही, पण च तुझ्याइतकेच होते.

येता गुरुवार उपवासाचा धरू नकोस. सकाळी आईच्या हातची भाकरी खा, चव लागली नाही तरी अर्धी संप. मग दोघी मिळून सिव्हिलला जा. समासातली ती ओळ एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ने. डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द फुटला नाही, तर कागद पुढे कर. आल्यावर मला दोन ओळी लिही. मी वाट बघते.